लिनक्सवर डीएसएल: भिंतीवरच्या डबीपासून पीपीपी-झीरोपर्यंत

आधी एक छोटी तपासणी करा, कारण कदाचित पुढचं काही वाचायची गरजच पडणार नाही. मॉडेमची लॅन केबल लिनक्स संगणकाला लावा, कोपऱ्यातलं नेटवर्कचं चिन्ह वायर्ड कनेक्शन जोडलं गेल्याचं दाखवतंय का ते बघा आणि ब्राउझर उघडा. संकेतस्थळं उघडली, तर तुमचा मॉडेम राउटर मोडमध्ये आहे. लॉगिन तो स्वतःच करतोय, लिनक्सला फक्त त्याच्याकडून पत्ता घ्यायचा आहे, आणि ते काम लिनक्स न सांगता करतं. चहा घ्या आणि कामाला लागा.

उरलेला लेख डीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, आणि दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांच्या मॉडेममध्ये लॉगिनची माहिती भरलेलीच नाही, म्हणजे तो ब्रिज मोडमध्ये आहे आणि डायल संगणकानेच करायचं आहे. दुसरे, ज्यांना तो मुद्दाम ब्रिजमध्ये टाकायचा आहे: लिनक्स यंत्रालाच घरचा राउटर करायचा आहे, फायरवॉल आपल्या हातात हवी आहे, किंवा जुना मॉडेम तापून राउटिंगचा भार पेलत नाहीये. उदाहरणासाठी मी बीएसएनएलची तांब्याची लाइन आणि लिनक्स मिंट किंवा उबुंटू धरतो. महाराष्ट्र आणि गोवा हे बीएसएनएलचं एकच परिमंडळ. मुंबईची लाइन वर्षानुवर्षं एमटीएनएलकडे होती, तिथे मॉडेममधले काही आकडे वेगळे असू शकतात, पद्धत तीच. दुसऱ्या कंपनीची डीएसएल लाइन असेल तरीही हेच.

तीन थर आणि त्यांचा क्रम

डीएसएल बिघडलं की लोक सगळ्यात आधी लिनक्सवर संशय घेतात, आणि लिनक्स हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. म्हणून क्रम लक्षात ठेवा.

पहिला थर सिग्नलचा. टेलिफोनच्या जोडतारेवर आवाजाला साधारण ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. डीएसएल त्याच्या बरंच वरून चालतं: मूळ एडीएसएल १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल-टू-प्लस २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. टेलिफोन एक्स्चेंजमधलं डीस्लॅम नावाचं यंत्र आणि तुमचा मॉडेम यांचं या पट्ट्यात जुळलं, की मॉडेमवरचा डीएसएल किंवा लिंक लिहिलेला दिवा स्थिर होतो. दुसरा थर आभासी मंडलाचा. एडीएसएल आतून एटीएम वापरतं (बँकेचं नव्हे, माहिती ठरावीक मापाच्या लहान तुकड्यांत वाहून नेण्याची पद्धत), आणि त्यात तुमच्या वाहतुकीला व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन क्रमांक असतात. बीएसएनएलसाठी ते ० आणि ३५. तिसरा थर लॉगिनचा, म्हणजे पीपीपीओई: इथरनेटच्या पाकिटात घातलेलं जुनं डायल-अपचं पीपीपी, म्हणजे लॉगिन करून जोडणी उभी करण्याची पद्धत. १९९९ मधल्या आरएफसी २५१६ या तांत्रिक दस्तऐवजात ते लिहून ठेवलं आहे आणि आजही जसंच्या तसं चालू आहे.

या तिसऱ्या थरावरच फक्त लिनक्सचा संबंध येतो. खालचे दोन पक्के झाल्याशिवाय संगणकाला हात लावू नका. हा नियम पाळला तर निम्मी डोकेदुखी वाचते.

भिंतीपासून मॉडेमपर्यंत

टेलिफोनची तार घरात येते तिथे एक लहान पांढरी डबी असते. त्या डबीतून निघालेली तार सरळ स्प्लिटरच्या, म्हणजे आवाज आणि इंटरनेट वेगळं करणाऱ्या छोट्या पेटीच्या, लाइन लिहिलेल्या खाचेत जायला हवी. स्प्लिटरच्या फोन खाचेत टेलिफोन, मॉडेम किंवा डीएसएल लिहिलेल्या खाचेत मॉडेम. या दोन्हींसाठी चार किंवा दोन तारांची बारीक, टेलिफोनची पिन लागते. मॉडेमपासून संगणकापर्यंत आठ तारांची रुंद लॅन पिन. दोन्ही पिना दिसायला सारख्या, आकाराने वेगळ्या. बारीक पिन रुंद खाचेत ढकलता येते आणि खाच बिघडते, म्हणून जरा बघून.

वरच्या मजल्यावर किंवा आतल्या खोलीत दुसरा फोन समांतर जोडला असेल, तर त्या फोनलाही स्वतंत्र फिल्टर लागतो. नाहीतर तो फोन वाजला किंवा उचलला की इंटरनेट तुटतं. "रोज संध्याकाळी तुटतं" अशा तक्रारींचा उगम अनेकदा इथे असतो, कारण संध्याकाळी फोन जास्त येतात.

मग फोन उचलून कानाला लावा आणि डायल टोन ऐका. खरखर येत असेल तर लिनक्स बंद करून ठेवलं तरी चालेल, कारण दोष तारेत आहे. पावसाळ्यात खांबावरच्या डबीत पाणी शिरतं, तांब्याच्या जोडावर हिरवा थर धरतो, आणि फोनवर बोलणं कसंबसं चालतं पण डीएसएलचा वरचा पट्टा गळून जातो. अशा वेळी लाइनमनला "नेट चालत नाही" असं सांगू नका, "फोनवर खरखर आहे" असं सांगा. पहिल्या तक्रारीवर तो तुमचा संगणक तपासत बसेल, दुसरीवर थेट जोड उघडेल.

मॉडेम चालू करून दोन-तीन मिनिटं द्या. डीएसएलचा दिवा आधी लुकलुकतो, मग स्थिर होतो. तो स्थिर झाला की पहिला थर झाला. दिवा स्थिर आहे पण मधूनमधून पडतो, असं असेल तर मॉडेमच्या पानावर दोन आकडे शोधा: एसएनआर मार्जिन आणि ॲटेन्युएशन. मार्जिन म्हणजे खरखरीच्या वर सिग्नलला किती फुरसत उरली. ते ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन काठावर आहे, १० च्या वर असेल तर निवांत. ॲटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून येताना सिग्नल किती विरला. ढोबळ हिशेबाने दर किलोमीटरला १३ ते १४ डेसिबल. म्हणजे ४० च्या आसपास आकडा दिसला तर तुम्ही तीन किलोमीटर तारेवर आहात. ६० च्या पुढे गेला तर वेगाची अपेक्षा सोडा आणि स्थिरतेची आशा धरा. जाहिरातीतले एडीएसएल-टू-प्लसचे २४ एमबीपीएस हे एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी असतात.

यूएसबी खाच असलेले जुने मॉडेम अजून काही घरांत आहेत. त्या खाचेच्या नादी लागू नका. लॅन केबलला ड्रायव्हर लागत नाही, यूएसबीला कधी लागतो कधी नाही, आणि तो शोधण्यात जाणारा वेळ केबलच्या किमतीपेक्षा महाग आहे.

ब्रिज करण्याआधीची तयारी

इथे घाई केली की माणूस नेटशिवाय अडकतो, आणि नेट कसं जोडायचं हे शोधायला नेट लागतं.

पहिलं काम, लॉगिनची माहिती. युजरनेम आणि पासवर्ड तुमच्याकडे कागदावर आहे का बघा. मॉडेमच्या पानावर पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, तिथून तो वाचता येत नाही. एकदा ब्रिज केलं की तिथला पासवर्ड बहुधा पुसला जातो. हाताशी नसेल तर आधी कंपनीकडून घ्या किंवा बदलून घ्या. युजरनेमच्या शेवटी ॲट चिन्ह आणि त्यापुढे शेपूट असते. ती शेपूट युजरनेमचाच भाग आहे, गाळायची नाही.

दुसरं, लागणारी पॅकेजेस. उबुंटू आणि मिंटमध्ये पीपीपी सहसा आधीपासून असतं, तरी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये पीपीपी आणि पीपीपीओईकॉन्फ ही दोन नावं शोधून खात्री करा. फेडोरात नेटवर्कमॅनेजर-पीपीपी आणि एनएम-कनेक्शन-एडिटर अशी दोन पॅकेजेस बघा. पहिलं नसेल तर पडद्यावर सगळं भरता येतं पण कनेक्शन चढत नाही, आणि कारण कळत नाही. अडकलातच तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. लिनक्स तो फोन वायर्ड नेटवर्क म्हणून लगेच ओळखतं.

तिसरं, मॉडेमच्या सध्याच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. परत जायची वाट हीच.

आणि चौथं, घरच्यांना सांगा. मॉडेम ब्रिज झाला की त्याच्या वाय-फायवर चालणारे सगळे मोबाइल आणि टीव्ही एका क्षणात थांबतील आणि खापर लिनक्सवर फुटेल. लिनक्स यंत्रावरून नेट पुन्हा वाटता येतं, ते पुढे येतंच. पण मधला तासभर शांततेचा हवा.

मॉडेम ब्रिजमध्ये टाकणं

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लॉगिन आणि पासवर्ड मॉडेमच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतात. बऱ्याच मॉडेमांत दोन्ही ॲडमिन. पान उघडलंच नाही तर मॉडेमने पत्ता दिलेला नाही. मग वायर्ड कनेक्शनच्या आयपीव्ही-फोर टॅबमध्ये मॅन्युअल निवडा: पत्ता १९२.१६८.१.२, नेटमास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेची जागा रिकामी. रिकामी ठेवायचं कारण महत्त्वाचं आहे. तिथे मॉडेमचा पत्ता घातलात, तर पुढे लिनक्स बाहेरची सगळी वाहतूक त्या मॉडेमकडे पाठवेल, आणि ब्रिज झालेला मॉडेम तिचं काहीही करणार नाही.

मॉडेमागणिक पानाची मांडणी वेगळी. वॅन, इंटरनेट, क्विक सेटअप, इंटरफेस सेटअप यांपैकी एखाद्या नावाखाली जे हवं ते सापडतं. तिथे व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ आहे ना बघा. कनेक्शनचा प्रकार पीपीपीओई असेल, तो ब्रिज करा. एन्कॅप्सुलेशन एलएलसी ठेवा. व्हीसी-मक्स निवडलंत तर दिवे सगळे हिरवे दिसतील आणि एकही पाकीट पुढे सरकणार नाही. सेव्ह करून मॉडेम रिस्टार्ट करा. इंटरनेट लिहिलेला दिवा आता पेटणार नाही. घाबरू नका, ब्रिज मोडमध्ये मॉडेमला इंटरनेट आहे की नाही हे ठाऊकच नसतं.

लाइन व्हीडीएसएल, म्हणजे जास्त वेगाचं डीएसएल, असेल तर व्हीपीआय-व्हीसीआय हा प्रकार बहुतेक दिसणार नाही, त्याऐवजी व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्कं ओळखायचा आकडा) विचारला जाऊ शकतो. तो अंदाजाने भरू नका, कंपनीला विचारा.

पडद्यावरून कनेक्शन तयार करणं

मिंटमध्ये नेटवर्कच्या चिन्हावरून नेटवर्क कनेक्शन्स उघडा. उबुंटूत मुख्य सेटिंग्जमध्ये डीएसएल शोधत बसू नका. जीनोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, त्या सुबक खिडकीत डीएसएलचं नवं कनेक्शन तयार करायची सोय नाही. ॲप्सच्या यादीत ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन असं शोधा. दोन्हीकडे उघडते ती खिडकी एकच, आणि तिचं खरं नाव एनएम-कनेक्शन-एडिटर. केडीई वापरणाऱ्यांना सिस्टिम सेटिंग्जमधल्या कनेक्शन्समध्ये अधिकचं चिन्ह दाबल्यावर डीएसएल थेट मिळतं.

खालचं अधिकचं चिन्ह दाबा, यादीतून डीएसएल/पीपीपीओई निवडा आणि क्रिएट करा. आता टॅब एकेक करून.

नाव साधं ठेवा, जागा न सोडता, उदाहरणार्थ नुसतं डीएसएल. पुढे टर्मिनलमधून हेच नाव टाइप करायचं आहे.

डीएसएल टॅबमध्ये पेरेंट इंटरफेस म्हणून तुमचं लॅन कार्ड निवडा. त्याचं नाव हल्ली ई-एन-पी अशा अक्षरांनी सुरू होतं, जुन्या यंत्रांत ईटीएच-झीरो असतं. लॅपटॉपमध्ये वाय-फायचं नाव डब्ल्यू-एल ने सुरू होतं, ते निवडू नका. युजरनेम शेपटीसकट. सर्व्हिसची जागा रिकामी. तिथे काहीतरी भरायलाच हवं असं वाटतं, आणि कंपनीचं नाव लिहिलं की कनेक्शन चढत नाही, कारण सर्व्हर त्या नावाची सेवा शोधतो आणि उत्तर देत नाही. पासवर्ड भरल्यावर त्याच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवा हा पर्याय घ्या. नाहीतर यंत्र सुरू होताना कनेक्शन पासवर्डची वाट बघत थांबतं.

पीपीपी सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशनच्या सगळ्या पद्धती जशा आहेत तशा राहू द्या. एमपीपीई एन्क्रिप्शनची खूण लावू नका, ती व्हीपीएनच्या कामाची आहे. एको पॅकेट्स पाठवण्याची खूण मात्र जरूर लावा. लाइन मूकपणे मेली तर संगणकाला ते याच पाकिटांवरून कळतं. ती नसतील तर कनेक्शन चालू असल्याचं दिसत राहतं आणि पान काही उघडत नाही.

आयपीव्ही-फोर टॅबमध्ये ऑटोमॅटिक पीपीपीओई राहू द्या. जनरल टॅबमध्ये आपोआप जोडण्याची खूण लावा, सेव्ह करा.

मिंटमध्ये नेटवर्कच्या चिन्हाखाली हे नवं नाव दिसेल, त्यावर क्लिक करा. जीनोमच्या काही आवृत्त्यांत ते मेनूत नीट दिसत नाही. तेव्हा टर्मिनल उघडा आणि द्या: एनएमसीएलआय कॉन अप डीएसएल. (आज्ञा मी उच्चारानुसार लिहितोय; टाइप करताना रोमन लहान अक्षरं आणि शब्दांच्या मध्ये एक जागा.) तोडायचं असेल तेव्हा अपच्या जागी डाउन.

पडदा नसलेल्या यंत्रावर, म्हणजे जुन्या पीसीचा राउटर केला असेल तर, एनएमटीयूआय ही आज्ञा द्या. अक्षरांच्याच चौकटीत तीच माहिती विचारणारी खिडकी येते. तिच्यात डीएसएलचा पर्याय आहे, बाणाच्या कळांनी फिरायचं.

दुसरा मार्ग: पीपीपीओईकॉन्फ

डेबियन आणि उबुंटू कुळातली ही जुनी आणि अजूनही भरवशाची वाट. टर्मिनलमध्ये सुडो पीपीपीओईकॉन्फ. निळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. आधी ते यंत्रातली लॅन कार्डं शोधतं, मग प्रत्येकावर हाक मारून पलीकडे पीपीपीओई सर्व्हर आहे का ते बघतं. मला ही पायरी फार आवडते, कारण पासवर्ड वगैरे भरण्याआधीच खालचे दोन थर ठीक आहेत की नाही याचा निकाल इथे लागतो. सर्व्हर सापडला नाही असं म्हणालं, तर लिनक्समध्ये काहीही बदलू नका, मॉडेमकडे परत जा.

मग युजरनेम, पासवर्ड, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) सर्व्हरकडून घ्यायचा का (हो), आणि एमएसएस (एका पाकिटात मावणारा जास्तीत जास्त मजकूर) १४५२ वर मर्यादित करायचा का (हो). शेवटी यंत्र सुरू होताना जोडायचं का आणि आत्ता जोडायचं का. पुढे रोजच्या वापरात पॉन डीएसएल-प्रोव्हायडर म्हणजे जोडा, पॉफ म्हणजे तोडा, पीलॉग म्हणजे काय घडलं ते सांगा.

एक इशारा. पीपीपीओईकॉन्फ आपली नोंद इटीसी फोल्डरातल्या नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये करतं. त्या फाइलमध्ये नाव आलेल्या लॅन कार्डाला नेटवर्कमॅनेजर मग हात लावत नाही आणि "अनमॅनेज्ड" असं दाखवतो. म्हणून दोन्ही मार्ग एकाच यंत्रावर एकत्र वापरू नका. पडदा असलेल्या यंत्रावर पहिला मार्ग, सर्व्हरवर दुसरा, हा माझा सरळ सल्ला. नव्या उबुंटूत त्या फाइलला विचारणारं इफअपडाउन पॅकेज नसतं, त्यामुळे तिथे पॉन हाताने चालेल पण यंत्र सुरू होताना आपोआप जोडलं जाणार नाही.

जोडलं गेलं का?

आयपी ए ही आज्ञा द्या. यादीच्या शेवटी पीपीपी-झीरो नावाचा नवा इंटरफेस दिसायला हवा, त्यापुढे एमटीयू (एका पाकिटाचं कमाल माप) १४९२, आणि खाली एक पत्ता. इथरनेटच्या १५०० बाइटमधून पीपीपीओईचं ८ बाइटचं वेष्टण वजा केलं की १४९२ उरतात. पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर कंपनीने तुम्हाला सामायिक पत्ता दिला आहे. ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण घरचा सर्व्हर बाहेरून उघडायचा विचार असेल तर तो बारगळला.

मग आयपी आर. पहिल्या ओळीत डिफॉल्टपुढे पीपीपी-झीरो हवं. तिथे लॅन कार्डाचं नाव आणि १९२.१६८.१.१ दिसत असेल, तर मघाशी सांगितलेला रिकाम्या गेटवेचा नियम मोडला गेलाय किंवा ब्रिज झालेला मॉडेम अजून डीएचसीपीने पत्ते वाटतोय. वायर्ड कनेक्शनच्या आयपीव्ही-फोरमध्ये रूट्स उघडा आणि हे कनेक्शन फक्त त्याच्याच नेटवर्कसाठी वापरा अशी खूण करा.

शेवटी पिंग १.१.१.१. उत्तर आलं की इंटरनेट आहे. हे चालतं पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, असं असेल तर फक्त डीएनएसचा प्रश्न आहे: आयपीव्ही-फोर टॅबमध्ये फक्त पत्ते ऑटोमॅटिक असा पर्याय घेऊन डीएनएसच्या जागी स्वल्पविराम देऊन १.१.१.१ आणि ८.८.८.८ लिहा.

नाही जोडलं गेलं तर

पडद्यावरची सूचना "कनेक्शन फेल्ड" यापलीकडे काही सांगत नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल डॅश एफ चालू ठेवा आणि मग कनेक्शन चढवा. ओळी धावतील, त्यात काय शोधायचं ते सांगतो.

पीपीपीओई सुरू होताना चार निरोपांची देवाणघेवाण होते. संगणक ओरडून विचारतो "कोणी आहे का?", हा पॅडी. सर्व्हर म्हणतो "मी आहे", हा पॅडो. संगणक त्याला जागा मागतो, पॅडर. सर्व्हर सत्राचा क्रमांक देतो, पॅड्स. त्यानंतरच युजरनेम-पासवर्डचा विषय निघतो.

पॅडोची वाट बघून थकल्याची ओळ दिसली, म्हणजे तुमची हाक कोणापर्यंत पोचलीच नाही. पासवर्ड शंभर वेळा पुन्हा भरून काही होणार नाही, तो अजून कोणी विचारलेलाच नाही. कारणं या क्रमाने बघा: डीएसएलचा दिवा, लॅन केबल, चुकीचं लॅन कार्ड, मॉडेम अजून राउटर मोडमध्येच असणं, व्हीपीआय-व्हीसीआय, सर्व्हिसच्या जागेत लिहिलेलं काहीतरी. आणि काही वेळा खरोखरच एक्स्चेंजकडचा सर्व्हर बंद असतो.

पॅप किंवा चॅप (पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती) ऑथेंटिकेशन फेल्ड दिसलं, तर आनंद माना. तार, मॉडेम, मंडल सगळं ठीक आहे, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकतोय. शेपूट, लहान-मोठी अक्षरं, शून्य आणि ओ, एक आणि एल. थकलेल्या बिलामुळे खातं बंद असतं तेव्हाही अनेकदा हाच संदेश येतो, तेव्हा पासवर्डशी झटापट करण्याआधी बिल बघा.

काल चालत होतं, रात्री वीज गेली, आता सकाळी पासवर्ड बरोबर असून नाकारतोय: हा वेगळा प्रकार. संगणक निरोप न घेता बंद झाला की सर्व्हरकडे तुमचं जुनं सत्र उघडंच राहतं, आणि एका खात्याला दुसरं सत्र मिळत नाही. मॉडेम बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. लोडशेडिंगच्या गावात मॉडेम आणि संगणक दोन्हींना यूपीएस लावला की हा आजार बराच कमी होतो.

काही संकेतस्थळं उघडतात, काही अर्धवट लटकतात, मेसेज जातात पण फोटो जात नाहीत: हे एमटीयूचं लक्षण. तपासायला पिंग, पुढे डॅश आणि मोठ्या लिपीतला एम, डू, मग डॅश एस १४६४, आणि पत्ता १.१.१.१. इथे १४६४ मध्ये २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १४९२ होतात. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर दहा-दहाने आकडा उतरवत जा, उत्तर येईल तिथे २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. थेट डायल करणाऱ्या संगणकावर हा त्रास क्वचित दिसतो. तो त्याच्यामागे जोडलेल्या मोबाइल-लॅपटॉपांना होतो, कारण त्यांना वाटतं वाट १५०० ची आहे. उपाय लिनक्स यंत्राच्या फायरवॉलमध्ये: पीपीपी-झीरोवरून जाणाऱ्या पाकिटांचा एमएसएस वाटेच्या मापाला कापायचा नियम. आयपीटेबल्समध्ये त्याला टीसीपीएमएसएस क्लॅम्प म्हणतात.

दार लावून घ्या

राउटर मोडमध्ये मॉडेम तुमच्यापुढे भिंतीसारखा उभा असतो. ब्रिजमध्ये ती भिंत नाही. सार्वजनिक पत्ता थेट तुमच्या लिनक्स यंत्रावर येतो आणि काही मिनिटांत अनोळखी यंत्रं दारं ठोठावू लागतात. उबुंटू-मिंटवर सुडो यूएफडब्ल्यू एनेबल, एवढी एक आज्ञा पुरते. ती बाहेरून येणारं सगळं अडवते. फेडोरात फायरवॉलडी आधीपासून चालू असतो, पण वर्कस्टेशन आवृत्तीत तो बराच मोकळा असतो, म्हणून डीएसएल कनेक्शनच्या जनरल टॅबमध्ये झोन पब्लिक करा. यंत्रावर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) चालू असेल आणि बाहेरून वापरत नसाल तर ते बंद करा. हे काम कनेक्शन चढवण्याआधी करता आलं तर आणखी उत्तम.

घरच्यांना नेट परत द्यायचं असेल तर यंत्रात दुसरं लॅन कार्ड किंवा वाय-फाय हवं. वाय-फाय असेल तर हॉटस्पॉट चालू करा. लॅन कार्ड असेल तर त्याच्या कनेक्शनच्या आयपीव्ही-फोरमध्ये इतर संगणकांशी शेअर करा हा पर्याय घ्या आणि पुढे एखादा जुना वाय-फाय राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. नेटवर्कमॅनेजर स्वतः १०.४२ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. लिनक्स यंत्र बंद केलं की सगळ्यांचं नेट बंद, हे अर्थातच.

तांबं गेलं तरी

बीएसएनएल आपले तांब्याच्या लाइनवरचे ग्राहक फायबरवर हलवत आहे, तेव्हा वरचं सगळं वाया जाणार का, असा प्रश्न येईल. तार, स्प्लिटर, खरखर, व्हीपीआय-व्हीसीआय हे जाईल. पीपीपीओई बऱ्याच फायबर जोडण्यांवर तसंच राहतं, आणि गल्लीतल्या केबलवाल्याने लॅनच्या तारेने दिलेल्या इंटरनेटवरही अनेकदा तेच असतं. मॉडेमच्या जागी ओएनटी नावाची पेटी येते. ती ब्रिजमध्ये टाकली की तुमचं डीएसएल नावाचं कनेक्शन नवा युजरनेम-पासवर्ड घालून चालू शकतं. दोन गोष्टी जास्तीच्या विचारून घ्या. एक, व्हीलॅन क्रमांक लागतो का. लागत असेल आणि ओएनटी तो स्वतः लावत नसेल, तर एनएम-कनेक्शन-एडिटरमध्ये आधी लॅन कार्डावर त्या क्रमांकाचं व्हीलॅन कनेक्शन करा आणि डीएसएलचा पेरेंट इंटरफेस म्हणून ते द्या. दुसरी, लाइन एखाद्या मॅक पत्त्याला, म्हणजे लॅन कार्डाच्या ओळखक्रमांकाला, बांधलेली आहे का. जुन्या राउटरचा मॅक नोंदवलेला असेल तर डीएसएल टॅबमधलं सगळं बरोबर असूनही पॅडो येत नाही. ऑपरेटरला फोन करून नोंद बदलून घ्या, किंवा ज्या वायर्ड किंवा व्हीलॅन कनेक्शनवरून डायल होतं त्याच्या क्लोन्ड मॅक या जागेत जुना पत्ता भरा.